ताईचा झरोका

त्या सकाळी मोबाइलवर ताईचं नाव दिसलं. दुकानाचं शटर अर्धं वर ढकलून मी फोन कानाला लावला आणि पलीकडून काही यायच्या आतच म्हणालो, ‘‘हो गं बाई, लक्षात आहे. या रविवारी नक्की येतो. काच मापाची कापून ठेवलीय.’’ हे खोटं होतं. काच कापलेली नव्हती आणि मापाचा कागद शर्टाबरोबर धुवायला गेला होता. पण ताई चिडायच्या आत आपणच बोलून मोकळं व्हायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. पलीकडून आवाज आला तो लखमीचा. लखमी ताईच्या घरामागच्या पाड्यावर राहते, सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे येऊन-जाऊन असते. ‘‘शेठ, बाय उठत नाय,’’ ती म्हणाली. ‘‘न्हाणीत पडलीय. पाणी तसाच चालू हाय.’’

डहाणू रोडहून निघालो आणि वाटेतच निरोप आला की वेवजीला ताईच्या घरी येऊ नका, थेट दवाखान्यात या. तिथे पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर अगदी तरुण होता. त्याने आधी विचारलं, ‘‘घरी गॅसचा गीझर आहे का?’’ मी हो म्हणालो. ‘‘बाथरूमला हवेची वाट आहे?’’ मी म्हणालो, ‘‘आहे तर! फिटरने मुद्दाम भिंतीत भोक पाडून ठेवलंय, खिडकी आहे...’’ आणि बोलता बोलता माझा आवाजच गेला. कारण भोक नव्हतं. खिडकीही उघडत नव्हती. दोन्ही वाटा मी बंद केल्या होत्या, मे महिन्यातल्या एका दुपारी, आणि वर त्या कामाचं मला समाधानही वाटलं होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल, दुःखाने गप्प झालाय.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. सुनंदा, माझी पत्नी, म्हणते, लिहून काढा, नाहीतर तुम्ही वेडे व्हाल. मी रंग-सिमेंटचा दुकानदार. माझं लिहिणं दुकानाच्या पाटीपलीकडे फारसं गेलेलं नाही. पण ताईबद्दल कोणी लिहिणार असेल तर ते मीच लिहायला हवं, आणि चांगलं-चांगलं तेवढंच लिहून मला सुटता येणार नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सरावलीला आमची थोडी चिकूची वाडी होती, अजून आहे. घराच्या मागे नारळाच्या झापांच्या आडोशाची न्हाणी, वर आभाळ, आणि बाजूला तांब्याचा बंब. आई पहाटेच वाडीत गेलेली असायची, त्यामुळे मला आंघोळ घालायचं काम ताईचं. ती ते एखाद्या हवालदारासारखं करायची. मान धरून खाली दाबायची, कानामागे खसाखसा घासायची आणि मी ओरडलो की आणखी एक तांब्या डोक्यावर ओतायची. ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत जायचा, आम्ही दोघंही खोकायचो, आणि वारा जरा फिरला की तो धूर झापांवरून वर निघून जायचा. त्याला वाट काढून द्यावी लागते हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

पुढे ती नर्स झाली. तलासरी तालुक्यातल्या पाड्या-पाड्यांवर तिने अख्खी नोकरी काढली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर ‘‘वेळ मिळाला नाही’’ म्हणायची, आणि पुढचा प्रश्न विचारायची समोरच्याची हिंमत होत नसे. लोक तिला नर्सबाय म्हणायचे. एकदा सुट्टीत मी तिच्याबरोबर एका पाड्यावर गेलो होतो. घरात चार दिवसांची बाळंतीण, खाटेखाली शेगडी, शेगडीत ओवा, दार लावलेलं, आणि भिंतीत एकुलती एक खिडकी होती तिच्यात गोधडी कोंबलेली. मला उंबऱ्यातच ठसका लागला. ताई आत गेली ती नाव-गाव न विचारता म्हणाली, ‘‘आधी खिडकी उघडा.’’ हे तिचं ठरलेलं पहिलं वाक्य होतं, नमस्कार-चमत्कार सगळे त्यानंतर. ज्या घराला खिडकीच नसे तिथे ती माणसाला वर चढवून एक कौल सरकवायला लावायची. त्या घरातली म्हातारी मात्र हटेना. ‘‘पोरीला वारा लागंल, बाय!’’ म्हणून ती खिडकीला पाठ लावून उभी राहिली. ताई म्हणाली, ‘‘आजी, वारा लागला तर मी बघीन. वारा नाही लागला तर मीसुद्धा काही करू शकणार नाही.’’ मग स्वतःच्या हाताने गोधडी ओढून काढली. तेव्हा मला ती जरा उर्मट वाटली होती. आता ते वाक्य मला झोपू देत नाही.

२०१४ साली ती निवृत्त झाली. मला वाटलं आता सरावलीला येईल, सुनंदाने तर तिच्यासाठी मागची खोलीसुद्धा रिकामी केली. पण ताईने वेवजीतच घर बांधलं. म्हणाली, ‘‘इथल्या निम्म्या माणसांची नाळ मी कापलीय. मी तिकडे येऊन काय चिकू मोजू?’’ दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे-मागे ओटा आणि घरातच फरशी बसवलेलं बाथरूम. रंगाचं काम अर्थात माझं. भिंतीच्या बाबतीत मी थोडा विक्षिप्तच आहे. कोणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी भिंतीवर जाते. ओल, पोपडे, खिळ्यांची भोकं... मला ती बघवत नाहीत. ताईच्या भिंती मी दोनदा घासून घेतल्या आणि मगच रंगाचा हात लावू दिला. ती नुसती हसायची. ‘‘भिंतीवर एवढा जीव लावतोस, माणसांवर लाव,’’ म्हणायची.

बाथरूम झालं तरी पाणी तापायचं ते मागच्या ओट्यावरच्या बंबात. सरावलीचा तोच जुना बंब तिने मागून नेला होता. दोन हिवाळे असे गेले. मग एका सकाळी गरम पाण्याची बादली आत नेताना तिचा पाय सरकला आणि पोटरी चांगलीच भाजली. पंधरा दिवस ती सरावलीला आमच्याकडे होती आणि पंधरा दिवस मी तिला बोलत होतो. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तिने मला ओवाळलं, तेव्हा मी तबकात गॅस गीझरची पावती ठेवली. ‘‘आता बंब बंद,’’ मी म्हणालो. तिने पावती उलटसुलट बघितली. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या, पण म्हणाली काय, तर ‘‘साडी दिली असतीस तर ती नेसून मिरवता आली असती. हे काय गळ्यात घालू?’’

गीझर बसवायला विनूभाई आले. डहाणू रोडला माझ्या दुकानापासून चार दुकानं सोडून त्यांचं शेगड्या आणि गीझर दुरुस्तीचं दुकान आहे. मूळचे उंबरगावकडचे, अर्धं मराठी अर्धं गुजराती बोलतात आणि कामात कोणाचं ऐकत नाहीत. त्यांनी बाथरूम बघितलं आणि सांगितलं की गीझर बाहेर, मागच्या ओट्यावर बसवू. मी म्हणालो, तो ओटा उघड्यावर, वर नुसता पत्रा, गीझर कोणी काढून नेला म्हणजे? मग ते म्हणाले, ‘‘ठीक छे, आत बसवतो. पण खिडकीच्या पट्ट्या कायम उघड्या, आणि वर भिंतीत आरपार होल.’’ खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या होत्या, त्यांचं मला काही वाटलं नाही. पण भिंतीत होल? मी दोनदा घासून घेतलेल्या भिंतीत? मी सरळ नाही म्हणालो.

विनूभाई मोरीच्या कट्ट्यावर बसले आणि मला समजावू लागले. ‘‘जुओ शेठ, लाकडाचा धूर सारो, चांगला. तो डोळे जाळते, खोकला काढते, माणूस पळते. आ गॅस जळते त्याचा धूर दिसत नाय, वास नाय, काय नाय. बंद खोलीत आदमीला वाटते, जरा चक्कर आली, जरा झोप आली... बस. मग उठायची ताकदच नाय. म्हणून खालून ताजी हवा आत यायला पाहिजे, नि वरून जळेली हवा बाहेर जायला पाहिजे. दोन्ही पाहिजे. ज्योत निळी हाय तोवर बरं, पिवळी दिसली की लगेच बंद करून मला फोन.’’ मी म्हणालो, लोकांच्या घरी असतात की गीझर, कोण एवढी भोकं पाडतं? विनूभाईंनी हत्यारं पिशवीत भरायला सुरुवात केली. ‘‘तो दुसरा फिटर बघा. हुं होल विना नाय बसवत.’’

तेव्हा ताई आली. दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ‘‘पाडा हो भोक, विनूभाई,’’ ती म्हणाली. ‘‘भिंत माझी आहे. याला काय कळतंय? जन्मभर मी लोकांच्या गोधड्या ओढून काढल्या, आता माझ्याच घरात कोंडून घेऊ?’’ झालं. भर दुपारी छिन्नी-हातोडा घेऊन त्या माणसाने माझ्या देखत माझ्या भिंतीला नारळाएवढं गोल भोक पाडलं आणि आतून पाखरं येऊ नयेत म्हणून जाळी ठोकली. मी फुगून ओट्यावर बसलो होतो. ताईने चहा आणून दिला आणि म्हणाली, ‘‘चल, बघून घे. राणीच्या महालाला असतो तसा झरोका झालाय मला.’’ तेव्हापासून त्याचं नाव झरोका. मी गेलो की ती मुद्दाम विचारायची, ‘‘माझ्या झरोक्याचं दर्शन घेतलंस का?’’ जाळीभोवतीच्या फुटक्या प्लास्टरला मी तीन वर्षांत तीनदा हात मारला, पण ती कड काही माझ्या मनासारखी झाली नाही.

२०१८ च्या दिवाळीनंतर आमच्याकडची जमीन हलू लागली, ते पेपर वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. डहाणू-तलासरीत कधी दिवसाला एक, कधी चार-पाच धक्के. खालून कोणी पहारीने ठोकावं तसा आवाज यायचा आणि भांडी खणखणायची. वेवजीत माणसं घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली झोपू लागली. ताईच्या अंगणात दहा-बारा बायका असायच्या, आणि ती त्यांचं ब्लडप्रेशर तपासत, ओरडत, हसवत फिरायची. मी तिला सरावलीला ये म्हणून विनवण्या केल्या. ‘‘सरावलीची जमीन काय वेगळ्या कंपनीची आहे?’’ असं तिने विचारलं. जमिनीपुढे कोणाचं काय चालणार? मी दुकानात बसून भेगा बुजवायचं सामान विकत होतो, आणि त्या वर्षी तेच सगळ्यात जास्त खपत होतं.

त्या दिवसांत ताईने एक नियम काढला. आंघोळीला गेलेल्या बाईने कडी लावायची नाही. धक्का बसला तर लाज-बिज सोडून आहे तसं बाहेर पळायचं. पण कडी नाही म्हटल्यावर कोणी चुकून आत शिरू नये, म्हणून दारावर बाहेरून लाल काठाचा पंचा टाकायचा. पंचा दिसला की समजायचं, आत बाईमाणूस आहे, दारापाशी थांबायचं नाही, हाक मारायची नाही. अख्ख्या पाड्याने तो नियम उचलला. कोणी पंचा, कोणी टॉवेल, कोणी लुगड्याचा तुकडा. धक्के हळूहळू कमी झाले, माणसं घरात झोपू लागली, पण ताईने कडी पुन्हा लावली नाही. सवय पडून गेली, म्हणायची.

आता ती मे महिन्यातली दुपार. पावसाआधी भेगा बुजवल्या नाहीत तर भिंती पाणी पितील, म्हणून मी देवजी गवंड्याला घेऊन वेवजीला गेलो. ताई घरी नव्हती, कोणाच्या तरी नातीला बघायला दुसऱ्या पाड्यावर गेली होती. घराला तशा फार भेगा नव्हत्या, पण मी एकेक शोधून काढली. बाथरूमच्या खिडकीतली एक पट्टी धक्क्याने निखळून फुटली होती, बाकीच्या खुळखुळत होत्या. आंघोळ करताना अंगावर पडल्या म्हणजे? मी त्या सगळ्या काढून टाकल्या आणि एक अख्खी काच चौकटीत पक्की बसवून घेतली. उघडणारी खिडकी दुकानात नव्हती. म्हटलं, ही तात्पुरती, पुढे बघू. मग मी पुढच्या ओट्यावर गेलो. दुकानातून फोन आला होता, कोणा गिऱ्हाइकाचा रंग दोन डब्यांत दोन तऱ्हेचा निघाला होता, आणि मी त्याच्याशी हुज्जत घालत होतो. देवजी मागच्या बाजूला शिडीवर होता. तिथून त्याने हाक मारली, ‘‘शेठ, वर एक गोल भोक हाय. ता पन भरू का?’’

मी फोनवर हात ठेवला आणि म्हणालो, ‘‘भर, भर. सगळं भरून टाक.’’

एवढंच. मला आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. मी विचारच केला नाही. भिंतीतलं भोक म्हणजे भरायची वस्तू, हे माझ्या हाडीमाशी इतकं भिनलंय की ते उत्तर द्यायला मला डोकं लागलंच नाही. देवजीने विचारलं होतं. त्या माणसाने आपलं काम सोडून विचारलं होतं, त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. संध्याकाळी मी घराला एक फेरी मारली. मागची भिंत बाहेरून काय सपाट दिसत होती! आतून विनूभाईंची जाळी होती तशीच होती, तिच्यामागे आता वीट आणि सिमेंट. मला त्यातलं काही खटकलं नाही. ताई परत आली, खिडकी बघून म्हणाली, ‘‘अरे, ही उघडत नाही.’’ मी म्हणालो, ‘‘तात्पुरती आहे गं. पावसाळा गेला की उघडणारी बसवतो.’’

उन्हाळाभर आणि पावसाळाभर ती गार पाण्यानेच आंघोळ करायची. गीझर नुसता भिंतीवर होता. म्हणजे माझी चूक सहा महिने तिथे पडून होती आणि कोणाचं काही बिघडलं नाही. त्या सहा महिन्यांत मी वेवजीला चारदा गेलो. जेवलो, झोपाळ्यावर झोपलो, भांडलो. दिवाळीच्या सुमाराला दोनदा तिचा फोन आला, ‘‘खिडकीचं काय झालं रे? आता थंडी पडेल, गीझर लावावा लागेल.’’ दिवाळी म्हणजे रंगवाल्याचा हंगाम. मी म्हणालो, रविवारी येतो. मग पुढच्या रविवारी. मग या रविवारी नक्की.

नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी एकदम गारठा आला. पुढचं लखमीने सांगितलेलं. ती सकाळी भाजी घेऊन आली तेव्हा बाथरूमच्या दारावर पंचा होता. ती भाजी ओट्यावर ठेवून गेली. पुन्हा आली तेव्हाही पंचा होता, आत पाणी पडत होतं. तिला वाटलं, आज बायने डोक्यावरून आंघोळ काढली. ओट्यावर बसून तिने भाजी निवडली. मग तिला कसंतरी वाटलं, पण पंचा होता ना... हाक मारायची नाही हा ताईचाच नियम. शेवटी तिने दाराला बोट लावलं. कडी नव्हती. दार त्या एका बोटाने उघडलं.

ते ऐकल्यापासून मी त्या दारापाशी अडकलोय. कडी असती, दार फोडावं लागलं असतं, तर मनाला काही सांगता तरी आलं असतं. जमीन हलली तर एका उडीत बाहेर पडता यावं म्हणून वर्षभर ज्या बाईने दार उघडं ठेवलं, ती त्या उघड्या दारापासून दोन हातांवर पडून होती. पहिल्यांदा लखमी आली तेव्हा तिला नुसती हाक मारली असती तरी... पण हे बोलण्यात अर्थ नाही. लखमीसमोर तर मी ते कधीच बोलणार नाही. तिच्या मनात ते आधीच आहे.

तेराव्यानंतर विनूभाई माझ्याबरोबर वेवजीला आले. त्यांनीच म्हटलं, गीझर उतरवू. बाथरूममध्ये गेल्या गेल्या त्यांनी वर हात नेला आणि जाळीसमोर तळवा धरला, आपण दिव्याच्या ज्योतीवर धरतो तसा. बराच वेळ धरला. मग बोटाने जाळीच्या आत टोचून बघितलं. मी मागून म्हणालो, ‘‘विनूभाई, मी भरायला लावलं.’’ मला वाटलं, हा माणूस आता मला सोलून काढेल. मला ते हवंच होतं. गेले पंधरा दिवस सगळे येऊन माझी समजूत घालत होते. कोणी म्हणे, नशीब. कोणी म्हणे, वेळ आली होती. मला कोणीतरी शिव्या द्यायला हव्या होत्या.

विनूभाई कट्ट्यावर बसले, तीन वर्षांपूर्वी बसले होते तिथेच. ‘‘शेठ,’’ ते म्हणाले, ‘‘दिवाळीनंतर बाईंचा फोन होता मला. बोलल्या, विनूभाई, खिडकी बंद करून टाकली भावाने, नवीन बसवणार हाय, पण त्याला टाइम नाय. तोवर गीझर लावला तर चालेल? मी बोललो, नाय, दोन्ही वाट पाहिजे. मग बोलल्या, दार थोडं उघडं ठेवते, कडी तर मी लावतच नाय. तर मी विचारलं, वरचा होल उघडा हाय ना? फोन चालू ठेवून त्या बघायला गेल्या. परत येऊन हसून बोलल्या, हाय हाय, माझा झरोका हाय. मी बोललो, तर मग थोडे दिवस चालवा...’’ त्यांनी पुन्हा वर जाळीकडे बघितलं. ‘‘मी येऊन बघायला पाहिजे होतं, शेठ. फोनवर नाय बोलायला पाहिजे होतं.’’

मी त्यांच्याशेजारी खाली बसलो. आम्ही दोन म्हातारे होत चाललेले पुरुष त्या कोरड्या मोरीत बसून रडलो. तिने विचारलं होतं. ज्याला कळतं त्याला विचारलं होतं, आणि मान वर करून बघितलंसुद्धा होतं. खालून, चष्म्यातून, तिला जाळी दिसली. जाळीमागे अंधार असतो हे तिला रोजचंच, ओट्याच्या पत्र्याची सावली तिथे दिवसभर असते. आपल्या झरोक्यामागे आपल्या भावाने वीट बसवली असेल, हे तिच्या मनात कशाला येईल? आणि त्या सकाळी गारठ्यात तिने दार थोडं उघडं ठेवलं होतं की वाऱ्याने लागलं, की तिनेच लोटलं... ते सांगायला आता कोणी नाही. मला एवढंच कळतंय की जन्मभर दुसऱ्यांच्या घरातल्या गोधड्या तिने ओढून काढल्या, आणि तिच्या घरातली गोधडी मी कोंबली. तिला ती दिसू नये अशी, पक्की, वरून गुळगुळीत करून.

त्याच दुपारी मी देवजीला फोन करून छिन्नी घेऊन बोलावलं आणि ते भोक पुन्हा फोडलं. देवजी म्हणाला, द्या शेठ, मी फोडतो. मी दिली नाही. मला सवय नाही, हात सोलपटले, आणि झालं तेही वेडंवाकडं, पहिल्यापेक्षा मोठं. शेवटचा तुकडा बाहेर पडला तसा आत उजेड आला आणि तोंडावर वारा आला. एवढा वारा होता बाहेर! मी शिडीवर तसाच उभा राहिलो. आता त्याचा कोणाला काय उपयोग, हे कळत होतं, तरी उतरवेना.

हल्ली दुकानात भेगा बुजवायचं सामान न्यायला कोणी आलं की मी विचारतो, बाथरूममध्ये गीझर गॅसचा आहे का, वर भोक आहे का, ते नाही ना बुजवणार? काही लोक ऐकतात. काही माझ्या तोंडाकडे बघतात, एक जण तर म्हणाला, शेठ, सामान द्यायचं तर द्या, चौकश्या कशाला? मी सामान देतो. आणखी काय करू? कोणाकोणाच्या घरी जाऊन भिंतींवर हात धरून बघू? तीन-चार घरी गेलोही. एका घरी खिडकीत पुठ्ठा होता, डास येतात म्हणून. मी काढला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच असणार.

रविवारी मात्र मी वेवजीला जातो. न चुकता. उघडणारी खिडकी बसवलीय आता, मापाची. बाकी घर आहे तसं आहे. लखमी झाडून-पुसून ठेवते. बाथरूमच्या दारावर लाल काठाचा पंचा अजून तसाच आहे, मी काढला नाही आणि तिनेही काढला नाही. गेल्या रविवारी मी मागच्या ओट्यावर बसलो होतो. लखमी बादली घेऊन फरशी पुसायला आली, दारापाशी थांबली. आत कोणी नाही हे तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे. तरी तिने बादली खाली ठेवली आणि हाक मारली, ‘‘बाय, आत हाय का?’’ मग थांबली. ती दर वेळी अशीच हाक मारते, आणि तेवढा वेळ मीही हातातला चहाचा कप तसाच धरून बसतो.